दुसऱ्या खिडकीतला शब्द

काचेला तोंडाच्या उंचीवर पाडलेली ती भोकं — मधे एक आणि भोवती बाकीच्यांचं रिंगण — आणि त्यातल्या एकाच्या कडेला चिकटून राहिलेला फिकट लालसर डाग, ओठांचा असेल, नाहीतर गंजाचा. पण काचेला कुठून गंज चढणार, असं मनात येईपर्यंत एल्बाने फडक्याचं टोक भोकात घालून फिरवलंही होतं, आणि डाग निघाल्यावर तिला वाटलं, राहू द्यायला हवा होता. आजच्या दिवस तरी.

शनिवार होता. संस्थेचं पुढचं दार बंद, चौकातलं गवत दंवाने पांढरं पडलेलं, आणि बाहेर जुलैचा, इथल्या ऐन हिवाळ्याचा तो वारा, जो दक्षिणेकडून निघाला की वाटेत एकही टेकडी लागत नसल्यामुळे थेट कोलोनिया विन्योलोतल्या माणसांच्या कॉलरमध्येच शिरतो. आतल्या खोलीत — जिथे पूर्वी कानाला टेलिफोन लावून मुली बसायच्या आणि एकाची तार दुसऱ्याला जोडून द्यायच्या — तिथे यानिना काम करत होती. यानिना कोर्दोबा शहरातून आलेली, संगणकांच्या सुरक्षेचं काम करणारी, तिशीतली बाई. बोलायला गोड आणि कामाला खमकी, त्यामुळे तिच्यावर धड रागावताही येत नव्हतं. आज ती जुन्या सर्व्हरवरचे साऱ्या गावाचे पासवर्ड नव्या सर्व्हरवर नेणार होती. नेणार म्हणजे — होते तसे न्यायचे नाहीतच. दळून न्यायचे. आणि मग जुने पुसून टाकायचे.

पासवर्ड असं गावात कुणी म्हणत नाही. ‘माझा शब्द’ म्हणतात. गावाने स्वतः खांब रोवून टेलिफोन आणला, त्याच सहकारी संस्थेने पुढे इंटरनेट आणलं आणि प्रत्येक सभासदाला ईमेलचा एक पत्ता दिला. तेव्हा लोक या खिडकीशी यायचे, वाकायचे, भोकांशी तोंड न्यायचे आणि हळूच सांगायचे. इकडून एल्बा कान देऊन ऐकायची आणि टाइप करायची. कीबोर्ड उलटा फिरवून त्यांच्यापुढे ठेवावा, त्यांचं त्यांना टाइप करू द्यावं, हे कुणाला सुचलंच नाही. कसं सुचणार? गाईच्या सडांना सरावलेली ती बोटं. कीबोर्डवर पडली की चार-चार अक्षरं एकदम दाबली जायची. आणि तसंही, मनातल्या माणसाचं नाव खिडकीतल्या मुलीला सांगायचं आणि तिने ते जोडून द्यायचं, याची या गावाला जुनी सवय. शब्द सांगितला तसाच्या तसा जपून ठेवायचा, म्हणजे विसरला तर परत सांगता येतो — यात काही चूक आहे असं म्हणणारा माणूस तेव्हा वेड्यात निघाला असता. शेजारधर्म होता तो.

आणि लोक विसरायचे. बाउदिलियो दूधवाला तर दर आठवड्याला विसरायचा. सायकल भिंतीला टेकवायची, टोपी काढायची आणि विचारायचं, “पोरी, माझा शब्द काय होता गं?” एल्बाची पन्नाशी कधीच उलटून गेलेली, पण त्याच्या लेखी ती पोरच. ती त्याचा क्रमांक टाकायची, पडद्यावर बघायची आणि भोकांतून हलक्या आवाजात म्हणायची, “तितीना.” तो मान हलवायचा, बघ की, कसा विसरतो मी, असं काहीतरी पुटपुटायचा आणि ईमेल न उघडताच सायकलवर बसून निघून जायचा. बायको गेल्यापासून तिचं ते लाडाचं नाव त्याच्या कानावर कधी पडत नव्हतं. तो विसरत नसावाच... सोमवारी तो येईल तेव्हा काय सांगायचं, हे एल्बाने अजून ठरवलं नव्हतं.

गावाचं असं किती काय तिच्या कानात पडून होतं. पाद्रीबाबांचा शब्द फुटबॉलच्या क्लबाचं नाव, आणि तेही आपल्या क्लबाचं नव्हे, समोरच्यांच्या. औषधांच्या दुकानाचे गास्ताल्दी आणि शाळेतून निवृत्त झालेल्या सेन्योरिता ओफेलिया — रस्त्यात भेटले तर नुसती मान लववणारी ही दोघं — दोघांनी वेगवेगळ्या वर्षी येऊन एकच शब्द सांगितला होता: एका तळ्याचं नाव, जे आटून गेलं, नकाशावरूनही गेलं, आणि ज्याच्या काठी कधीकाळी काय झालं असेल ते त्या दोघांनाच ठाऊक. त्यांनी गावात कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. एल्बाने तो शब्द दुसऱ्यांदा टाइप केला तेव्हा तिने नाव दोनदा ताडून पाहिलं होतं, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर आई म्हणाली होती, आज अशी गप्प का? काही नाही, एल्बा म्हणाली होती. आईलाही तिने कधी काही सांगितलं नाही. अभिमान होता तिला या गोष्टीचा. अजून आहे.

मग शेजारच्या गावातल्या संस्थेची अशीच यादी कुणीतरी पळवली. माणसं सगळीकडे एकच शब्द वापरतात, त्यामुळे एक कुलूप उघडलं तसं प्रत्येकाचं सगळंच उघडलं. कुणाचे फोटो, कुणाची प्रेमपत्रं, कुणाच्या आजाराचे कागद, सारं वेशीवर टांगलं गेलं आणि एक घर मोडलंही. आपल्या संचालक मंडळाची झोप उडाली. यानिनाला बोलावलं, क्लबाच्या हॉलमध्ये सभा घेतली, आणि यानिनाने सगळ्यांना समजेल असं सांगितलं: शब्द आता ठेवायचाच नाही. तो दळायचा, पार पीठ करायचं, आणि पीठ ठेवायचं. चोराने पळवलं तर पीठ पळवेल. पिठातून दाणा परत काढता येत नाही. शिवाय दळण्याआधी प्रत्येकाच्या शब्दात चिमूटभर मीठ टाकायचं — आमच्या धंद्यात त्याला मीठच म्हणतात, ती हसून म्हणाली — प्रत्येकाचं मीठ वेगळं, त्यामुळे दोघांचा शब्द एकच असला तरी दोघांची पीठं निराळी दिसतात, कुणाला काही ओळखू येत नाही. मागच्या रांगेत बसलेल्या एल्बाच्या मनात लगेच ते तळं आलं. म्हणजे इतकी वर्षं ती दोघं निदान आपल्या यादीत तरी एकत्र होती...

“आणि कुणी विसरलं तर?” तिने विचारलं होतं.

“नवा शब्द घ्यायचा.”

“पण जुना कोणता होता, ते?”

“ते कुणालाच सांगता येणार नाही. तुम्हाला नाही, मला नाही, सर्व्हरलाही नाही. कुणी शब्द सांगितला की सर्व्हर तोही तसाच दळून बघेल. जुळला तर हो म्हणेल, नाही जुळला तर नाही. बाकी एक अक्षर बोलणार नाही.”

सभेने टाळ्या वाजवल्या. एल्बानेही वाजवल्या. बरोबरच होतं ते सगळं, एक अक्षर चुकीचं नव्हतं. मग घरी येऊन ती अंधार पडेपर्यंत कोट न काढता स्वयंपाकघरात बसून राहिली होती, आणि आपण गावासाठी कष्टी नाही आहोत, बाउदिलियोसाठीही नाही, हे तिला स्वतःपाशी कबूल करावं लागलं होतं. ती कष्टी होती आईच्या शब्दासाठी. तो तिने कधी वाचला नव्हता, आणि आता तो वाचायचे दिवस संपत आले होते.

आई — आर्मिदा — गेली त्याला दोन हिवाळे झाले. त्याच्या खूप आधी, बँका बंद पडून देश बुडाला त्या वर्षी, धाकटा भाऊ रेमो, इटलीहून आलेल्या आजोबांच्या कागदांवर, तिकडे इटलीला गेला, तोरिनोला, आणि तिथून फोन करणं परवडेना तेव्हा त्याने कळवलं की आईला ईमेल घ्यायला सांग. आई सत्तरीला टेकलेली. एल्बाला वाटलं, ती म्हणेल तूच लिही माझ्या वतीने. पण आई म्हणाली, मी येते सोमवारी, काय असेल ते रीतसर करू. सोमवारी ती आली, चांगला कोट घालून, केस विंचरून, जणू नोटरीकडेच निघालीय अशी. एल्बा तेव्हा नेमकी येर्बाच्या पाल्याच्या चहासाठी पाणी गरम करायला आत गेली होती. ती किटली घेऊन बाहेर येते तो... तिची खिडकी रिकामी. तिच्या खिडकीपुढे कुणी नाही. आणि आई उभी दुसऱ्या खिडकीशी, फेर्मीनच्या. काचेच्या इतकी जवळ की कपाळ काचेला टेकलेलं, तोंडाभोवती हाताचा आडोसा. मी तिथेच थांबले. दारातच. सगळं गाव माझ्यापाशी येतं, पाद्रीबाबा येतात, नवऱ्यापासून लपवलेलं बायका मला सांगतात, आणि माझी आई —

फेर्मीन म्हणजे मूळचा खांबावर चढणारा माणूस. पडून पाय अधू झाला तेव्हा संस्थेने त्याला दुसऱ्या खिडकीत बसवलं, पण त्याच्यापुढे रांग कधी लागली नाही, कारण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तर त्या फेर्मीनला आईने शब्द सांगितला. तो एका बोटाने टाइप करत होता. मग आई सरळ झाली, वळली, दारात उभी असलेली एल्बा तिला दिसली, आणि ती म्हणाली, “पाणी उकळू देऊ नकोस हां, येर्बा कडू होतो.” बस्स. ना तेव्हा काही, ना त्या रात्री, ना त्यानंतर कधी. एल्बाने विचारलं नाही; आईने सांगितलं नाही.

गंमत अशी की पत्रांचं काही लपलेलं नव्हतं. रेमोची पत्रं आई जेवताना मोठ्याने वाचून दाखवायची — तिकडचं धुकं, तिकडचे जोडे, तिकडे लसूण-अँचोवीची बान्या काउदा आपल्यासारखी दाट नसते — आणि तिची उत्तरंही ती आधी तोंडी म्हणून बघायची. पत्रं उघडी आणि शब्द तेवढा बंद. एल्बाला तो बघायचा तर किती वेळ लागणार होता? आईचा सभासद क्रमांक टाकायचा, एक बटण दाबायचं. रोज ती पन्नास लोकांचे बघायची. आईचा तिने बघितला नाही. विनाकारण कुणाचा बघायचा नाही हे तत्त्व, असं ती स्वतःला सांगत आली. पण तत्त्व कसलं, रुसवा होता तो, पोरकट, वर्षानुवर्षं जपलेला रुसवा — आणि रुसव्याच्या आत भीती. तो शब्द ‘रेमो’ असणार. दुसरं काय असणार? खातं त्याच्यासाठी, वाट त्याची. आईच्या डोळ्यांत औषधाचे थेंब मी घातले, पायाची नखं मी कापली, शेवटी शेवटी तिला उचलून न्हाऊ घातलं ते मी. आणि काचेशी ओठ नेऊन हळूच घ्यायचं नाव मात्र त्याचं. हे तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक असलं तरी वाचायचं नव्हतं. एकदा फोनवर तिने रेमोलाच विचारलं, आईचा शब्द काय असेल रे? तो हसला. कुत्र्याचं नाव असेल, म्हणाला, सगळ्यांचं तेच असतं. त्यांच्या घरात कुत्रा कधीच नव्हता. रेमोला एवढंही आठवत नव्हतं.

मेलेल्या सभासदांची खाती बंद करायचं काम एल्बाचंच. तेवढं आईचं राहिलं होतं. राहिलं होतं म्हणजे, तिने ठेवलं होतं.

मागच्या दाराने फेर्मीन आला, एक पाय ओढत, कागदात बांधलेले गोड पाव घेऊन. नोकरीतून निवृत्त झाल्यावर तो संचालक मंडळात निवडून आला होता आणि जुनी यादी पुसली जाईल तेव्हा मंडळाचा एक माणूस साक्षीला हवा असा ठराव होता. सगळ्या गावात तुम्हालाच साक्षीला धाडलं का, यानिनाने हसत विचारलं. कारण तिलाही एव्हाना त्याची ख्याती कळली होती. फेर्मीन म्हणाला, दवंडी पिटायला वेगळा माणूस नको ना, म्हणून. तिघांनी येर्बा घेतला, एकाच नळीने, भांडं या हातातून त्या हातात देत. मग यानिनाने हात पुसले. तिने सगळं दोनदा तपासलं होतं. आता एल्बाने यादी एकदा नजरेखालून घालावी, कुणी राहिलंय का, कुणी जास्तीचं आहे का, आणि मग हो म्हणावं. हो म्हटल्यावर परत फिरता येणार नाही. तेवढ्यात मी मुलीला फोन करून येते, असं म्हणून ती अंगणात गेली.

एल्बा खुर्चीत बसली. नावं वर सरकत गेली. जास्तीचं कोण ते तिला शोधायची गरज नव्हती. तिने आईचा क्रमांक टाकला आणि आईचं नाव आलं, माहेरच्या आणि सासरच्या आडनावासकट, पुढे शब्दाच्या जागी काळे ठिपके. एक बटण. तिचं बोट त्या बटणावर जाऊन बसलं — थंड होतं बटण, की बोटच थंड होतं — आणि तिथेच राहिलं.

“आईचं?” फेर्मीन म्हणाला. तो त्याच्या जुन्या जागेवर बसला होता.

तिने मान हलवली. मग पडद्यावरची नजर न काढता विचारलं, “तुला आठवतो?”

“आठवतो.”

“साऱ्या गावाच्या भानगडी तू चौकात मांडल्यास. ही एवढी पोटात कशी राहिली?”

“तुझ्या आईने दटावलं होतं. म्हणाली, फेर्मीन, तू गावभर सांगितलंस तरी कुणी खरं मानणार नाही, म्हणून तुझ्याकडे आले.” तो स्वतःशीच हसला. मग हसू ओसरल्यावर म्हणाला, “आणखी एक विचारलं होतं तिने. म्हणाली, एल्बाला हा दिसेल का? मी म्हटलं, बघायचा म्हटला तर दिसेल. मग म्हणाली, लिही. ती बघायची नाही.”

“असंच म्हणाली?”

“असंच. ती बघायची नाही. कौतुकाने म्हणाली की टोमणा मारला, ते मला विचारू नकोस, पोरी. मला बायकांचं कळलं असतं तर मी खांबावर कशाला चढलो असतो.”

ती बघायची नाही. एल्बाने ते मनात एकदा कौतुकाच्या सुरात म्हणून पाहिलं, एकदा दुसऱ्या सुरात. दोन्ही आईलाच शोभत होते. म्हणजे आईला ठाऊक होतं की शब्द तिथे उघडा पडून राहणार, वर्षानुवर्षं, मुलीच्या हाताच्या अंतरावर, आणि ठाऊक होतं की मुलगी फणकाऱ्याने का होईना पण तिकडे बघणार नाही. एवढी पक्की ओळखत होती... की बघ म्हणत होती? बघ, विचार मला, एकदा तरी विचार, असं? नाही बघितलं तर आई बरोबर ठरते. बघितलं तर — तर काय, आई हरते? मेलेल्या माणसाला हरवायचं? आणि ‘रेमो’ निघालं तर? आयुष्याच्या या टोकाला येऊन ते पडद्यावर वाचायचं, आणि मग घरी जाऊन एकटीने भोपळा चिरायचा?

यानिना आत आली, हातावर हात चोळत. झालं का, तिने विचारलं. सुरू करू?

एल्बाचं बोट बटणावरून उठलं. आपण काय ठरवलं ते तिला कळलं नाही. तिला फक्त स्वतःचा आवाज ऐकू आला. “कर.”

पडद्यावर एक पट्टी डावीकडून उजवीकडे भरत चालली, न थांबता, न अडखळता, बाउदिलियोची तितीना गेली असेल, तळं गेलं असेल, एक इकडे आणि एक तिकडे, वेगवेगळं मीठ लागून, आणि आई... आडनावाच्या अक्षराप्रमाणे आई अजून मागे असेल, अजून वेळ आहे, थांब म्हटलं तर ही पोर थांबेल, माणूस आहे शेवटी. पण एल्बाने थांब म्हटलं नाही. आईने म्हटलं म्हणून बघितलं नाही, असं झालं का? आयुष्यभर तिचं ऐकलं, आता काचेआडून कुणाच्या तरी तोंडून आलेलंही ऐकलं. पट्टी भरली. यानिनाने आणखी काही बटणं दाबली, जुनी यादी पुसली, फेर्मीनला दाखवलं. ना आवाज, ना काही. पडद्यावर जिथे गाव होतं तिथे काही नव्हतं.

मग यानिनाने प्रत्येकाला आपापला शब्द टाकून बघायला सांगितलं. जपून टाका, ती म्हणाली, लागोपाठ चुकत गेलात तर खातं आपोआप बंद होतं. फेर्मीन पुढे सरसावला आणि एका बोटाने टाइप करता करता आपल्या बोचास — मैदानात गोळे टाकायचा खेळ — खेळणाऱ्या संघाचं नाव एकेक अक्षर करून मोठ्याने म्हणाला. यानिनाने कपाळावर हात मारला. सांगायचा नसतो हो, म्हणाली, याच्यासाठीच तर एवढा खटाटोप केला. सर्व्हर हो म्हणाला. फेर्मीनला इतका आनंद झाला की जणू त्याने तो स्वतःच बनवला होता. मग दोघं जुन्या सर्व्हरची तबकडी घेऊन अंगणात गेली. ती फोडायची असा ठराव होता, आणि खांबवाल्यांच्या शेडमध्ये मोठा हातोडा होता.

एल्बाने आपला शब्द टाकला. हो. मग तिने दाराकडे पाहिलं. अंगणातून फेर्मीनचा आवाज येत होता, हातोडा कसा धरायचा ते तो यानिनाला शिकवत होता. तिने आईचा क्रमांक टाकला, शब्दाच्या रकान्यात गेली आणि अंगात बळ असेतो लिहून टाकलं: रेमो. आणि बटण दाबलं.

नाही.

सर्व्हर नाही म्हणाला. एल्बा बघत राहिली. फेर्मीनने पहिलं अक्षर मोठं टाकलं असेल का, ही शंका आली तशीच विरली, कारण फेर्मीनला मोठं अक्षर कसं काढतात हे शेवटपर्यंत कुणी शिकवू शकलं नव्हतं. नाही म्हणजे नाही. आणि मग तिला आनंद झाला, इतका नागडा आणि पोरकट आनंद की तिने तोंडावर हात ठेवला. रेमो नव्हता, इतकी वर्षं मी ज्याच्यावर जळले तो तिथे नव्हताच, तोरिनोत बसून जोडे घेत होता बिचारा. डोळे भरून आले. मग हात आपोआप पुढे गेला. रेमो नाही, तर मग... तिने आपल्या नावाचं पहिलं अक्षर टाकलं. दुसरं टाकलं.

अंगणात हातोड्याचा पहिला घाव पडला, आणि एल्बाचा हात तिथेच राहिला.

हो आलं तर? तर आईने तिचंच नाव तिच्यापासून लपवून काचेपाशी घेतलं असं होईल, आणि मग हे सगळं रुसणं कुठे ठेवायचं, त्या बाईपुढे कसं उभं राहायचं, जी आता कुठेच उभी नाही. आणि नाही आलं तर — नाही आलं तर रेमोही नाही आणि मीही नाही. हे मनात आलं तेव्हा एल्बाला वाईट वाटायला हवं होतं. ती थांबली, वाट पाहिली. वाईट वाटलं नाही. त्याऐवजी वाटलं काहीतरी भलतंच, की बंद समजून ज्या दाराशी इतकी वर्षं बसलो ते भिंतीवर काढलेलं दार होतं, आणि खोली दुसरीकडेच उघडत होती. आम्ही दोघं नाही, तर मग कोण? काय?

आईला कोंबड्यांशी बोलताना तिने ऐकलं होतं. आजी गेल्यावर इटलीतल्या पिएमाँतची ती जुनी बोली बोलायला आईला माणूस उरलं नाही, तेव्हापासून ती कोंबड्यांशी ती बोलायची, दाणे टाकताना, हळू, चोरून. एल्बा आली की गप्प व्हायची. ती बोली एल्बाला येत नाही. आज बटण दाबलं असतं आणि शब्द त्या बोलीतला निघाला असता, तर समोर वाचूनही तो कळला नसता... किंवा घोडीचं नाव असेल. आई घोडीवर बसून शाळेत जायची म्हणे, पुढे मोठा भाऊ आणि मागे ही. घोडीचं नाव काय होतं? एल्बाने कधी विचारलं नव्हतं. रेल्वेपलीकडे जो नाचाचा हॉल होता, आता सोयाबीनचं गोदाम झालंय, त्या हॉलचं नाव? तिथे ती कुणाबरोबर नाचायची? बाबांना तर नाचता येत नव्हतं. किंवा काहीतरी अगदीच साधं, हसण्यासारखं, ‘बटाटा’ म्हणावं असं, जे पोटच्या मुलीसमोर मोठ्याने म्हणायची लाज वाटली असेल. तिने विचारलं होतं, एल्बाला दिसेल का. लाजली होती ती. मला का वाटलं नाही की ती लाजली असेल?

तिने टाकलेली दोन अक्षरं मागे घेतली. रकाना रिकामा झाला.

बाहेर घाव थांबले होते. फेर्मीन काहीतरी सांगत होता आणि यानिना हसत होती. त्याला विचारता येईल. दुसऱ्यांदा विचारलं तर तो सांगेल, तोंडाचा हलका आहे तो, शेवटी सांगेलच. एल्बा उठली नाही. इतकी वर्षं तो सोमवार ती पुन्हा पुन्हा बघत आली होती, आणि प्रत्येक वेळी तिला त्यात सगळ्यात आधी दिसायची ती एल्बाच, दारात, हातात किटली, डावललेली. आता तिने बघितलं तर दारात कुणी नव्हतं. खिडकीशी एक बाई तेवढी उभी होती, चांगला कोट घातलेली, हौसेने केस विंचरून आलेली, जिला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं की तुझा शब्द काय. आणि ती बाई काय म्हणाली असेल, हे एल्बाला आता खरोखरच, अगदी मनापासून, जाणून घ्यावंसं वाटत होतं.